ताट आणि पाकीट: व्यसनमुक्ती केंद्रात बायकांचे आहार-हिशेबाचे वर्ग कसे घ्यावेत

व्यसनमुक्ती केंद्रात ‘आहार व बचत’ या विषयावर बोलायला येणारे पाहुणे बहुधा दोन तक्ते घेऊन येतात. एक जीवनसत्त्वांचा, दुसरा महिन्याच्या अंदाजपत्रकाचा. समोरच्या बायका माना डोलावतात, चहा होतो, टाळ्या होतात. तासाभराने विचारलं तर दोन्ही तक्त्यांतलं काही आठवत नसतं. त्यात बायकांचा दोष नाही. दारू किंवा गोळ्या सुटल्यावर पहिले काही आठवडे लक्ष टिकत नाही, नवं लक्षात राहत नाही, झोप उडालेली असते. हा लेख त्या एका भाषणासाठी नाही. ज्यांना आठवड्याला एक असे सलग वर्ग घ्यायचे आहेत, पण सुरुवात कुठून करावी हे कळत नाही, अशा नव्या कार्यकर्त्यांसाठी आहे.

एक गोष्ट आधीच ठरवा: आहाराचा वर्ग वेगळा आणि पैशांचा वेगळा, असं करू नका. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या स्वमदत गटाच्या बैठकांना जाणाऱ्या कुणालाही विचारा, पुन्हा व्यसनाकडे घसरण्याआधीच्या चार अवस्था ते बोटांवर मोजून सांगतील: भूक, राग, एकटेपणा, थकवा. यादीत पहिली भूक आहे. त्यात माझ्या अनुभवाने पाचवी भर घालते, हातात आलेली रोकड. सकाळपासून पोटात काही नाही आणि संध्याकाळी पगार हातात पडला, ही वेळ सांभाळता आली तर बाकीचं पुष्कळसं सोपं होतं. म्हणून ताटातलं आणि पाकिटातलं एकाच वहीत, एकाच पानावर यायला हवं.

आधी विचारून घ्या

पहिल्या दिवशी काहीही शिकवायचं नाही. केंद्रातल्या डॉक्टरांकडून आणि समुपदेशकांकडून चार गोष्टी समजून घ्या. कुणाला यकृताचा त्रास आहे, कुणाला मधुमेह, कुणाला फिट येऊन गेली आहे, कोण फारच अशक्त आहे. पोटात पाणी झालेल्या बाईला मीठ किती चालेल, हे डॉक्टर सांगणार, आपण नाही. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या बाईला एकदम भरपेट वाढणंही धोक्याचं असतं. शरीरातल्या क्षारांचं गणित बिघडून जिवावर बेतू शकतं, त्यामुळे अशा बाईचं जेवण वैद्यकीय देखरेखीखालीच वाढवत न्यायचं. दारूमुळे कमी झालेलं बी-१ (थायमिन) डॉक्टर इंजेक्शनने किंवा गोळ्यांनी भरून काढतात. डाळी, शेंगदाणे, अख्खं धान्य ही त्यानंतरची, रोजची बाजू. तुम्ही आहारतज्ज्ञ नसाल तर तसं पहिल्याच वर्गात सांगून टाका. बायकांना ते आवडतं.

मग बायकांनाच विचारा, आणि पहिला प्रश्न दातांचा असू द्या. आपल्याकडे बाईचं व्यसन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर बाटली येते, पण महाराष्ट्रात बायकांमध्ये कितीतरी जास्त पसरलेली आहे ती मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड. गुटखा-सुपारीने तोंड आखडलेल्या बाईला तिखट सोसत नाही, घास मोठा करता येत नाही. दात हललेलीला भाकरी चावत नाही. अशा बाईला ‘कोशिंबीर खा’ म्हणून काय उपयोग? तिच्यासाठी नाचणीची पेज, घोटलेली उसळ, कुळथाचं पिठलं, मऊ भातावर पालकाची पातळ भाजी. हे प्रकार आधी माहीत करून ठेवा.

मिश्री सोडणारी बाई आणखी एक तक्रार हमखास करते: “मिश्री लावल्याबिगर पोट साफ होत नाही ओ ताई.” ती खरी असते. उठल्याउठल्या मिश्री, मग चहा, मग परसाकडे, असा वर्षानुवर्षांचा क्रम मोडलेला असतो. इथे आहाराचं काम अगदी नेमकं आहे: सकाळी कोमट पाणी, दोन्ही वेळा पालेभाजी किंवा मोडाची उसळ, कोंड्यासकट पीठ. आठ-दहा दिवसांत फरक पडला की ती तुमच्या बाकीच्या बोलण्यावरही विश्वास ठेवते. मिश्रीने भूक मरते म्हणून कामावर जाताना मुद्दाम मिश्री लावणाऱ्याही बायका असतात. ‘जेवणाचा खर्च वाचतो’ हा त्यांचा हिशेब. तो वर्गात मोकळेपणी बोलला जाऊ द्या.

वाटीने मोजा

ग्रॅम, कॅलरी हे शब्द बाजूला ठेवा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या आहार-मार्गदर्शनात दिवसाला साधारण २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं आणि ४०० ग्रॅम भाज्या असं प्रमाण आहे. यातलं बाईला लक्षात राहील एवढंच घ्या: कच्च्या मापाने तीन मुठी धान्याला एक मूठ डाळ. मग प्रत्येकीला स्वतःच्या घरचं प्रमाण मुठीने दाखवायला सांगा. बहुतेकींच्या घरी सहा-सात मुठी धान्याला एक मूठ डाळ निघते, आणि त्यातलीही घट्ट डाळ नवऱ्याला नि मुलांना, हिच्या वाट्याला वरचं पाणी. बाई शेवटी जेवते ही गोष्ट तुम्ही सांगू नका. मुठी मोजता मोजता ती त्याच बोलून दाखवतात.

लोहाबद्दल मात्र थोडं ठासून बोला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त, सुमारे ५४ टक्के, बायकांना रक्ताक्षय असल्याचं दिसलं. अशक्तपणा, धाप, चिडचिड ही रक्ताक्षयाची लक्षणं बाईला ‘व्यसन सुटल्यामुळे’ आलेली वाटतात. ‘तेव्हा बरी होते, काम तरी व्हायचं’ असं ती म्हणायला लागली की समजा, हिमोग्लोबिन तपासायची वेळ झाली. बाजरीची भाकरी, मेथी-राजगिरा-शेवग्याचा पाला, त्यावर लिंबू पिळायचं. आणि जेवणानंतर लगेच चहा नाही, तासभर थांबायचं. केंद्रात चहा फार होतो. तो बंद करायला लावू नका, सगळंच एकदम सोडता येत नाही. फक्त वेळ सरकवा.

गोडाची ओढही पहिल्या महिन्यांत वाढते. त्याला घाबरून वजनकाटा आणू नका. वर्गात कुणाचंही वजन करायचं नाही, वजनावर थट्टा करायची नाही. गूळ-शेंगदाण्याची चिक्की, खजूर, केळं हाताशी असू द्या. मधुमेह असलेलीसाठी काय, ते डॉक्टरांना विचारून.

मटकीचा वर्ग

माझ्या मते सगळ्या वर्गांत उत्तम वर्ग हा. पाव किलो मटकी आणा. पावती वर्गात फिरवा. एका बाईने निवडायची, एकीने धुवायची, एकीने रात्री भिजत घालायची. सकाळी उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांधून चाळणीत ठेवायची. पुरचुंडी कुणी सांभाळायची, यावरून थोडी भांडणंही होतात. दुसऱ्या दिवशी सोडली की फडक्यातून पांढरे शेपटे बाहेर आलेले असतात आणि मटकी दुपटीहून जास्त झालेली असते. आता ती वाटीने मोजायची, किती जणींची उसळ होईल ते सांगायचं, पावतीवरच्या रकमेला तेवढ्याने भागायचं, आणि वाटीमागे किती पैसे पडले ते फळ्यावर लिहायचं. शेजारी चौकातल्या वडापावचा भाव लिहायचा.

एवढ्यात भागाकार आला, प्रथिनं आली, मोड आल्यावर वाढणारं क जीवनसत्त्व आलं. शिवाय एक गोष्ट जी तक्त्यावर येत नाही: आज भिजवलेलं परवा खायचं. हात थरथरणाऱ्या बाईला चिरायला बसवू नका, निवडायला द्या. फिट येऊन गेलेलीला गॅसपाशी उभं करू नका. सुऱ्या मोजून द्या, मोजून परत घ्या. केंद्राचा तो नियम असतोच, तुम्ही तो कटकट न समजता पाळा.

चकण्याची अडचण

स्वस्त प्रथिनांची यादी करायला घ्या: खारे शेंगदाणे, फुटाणे, उकडलेलं अंडं, मोडाची मटकी कांदा-लिंबू घालून. आता हीच यादी दारू प्यायलेल्या बाईच्या नजरेने वाचा. सगळा चकणा! बाहेरून येणाऱ्या आहारतज्ज्ञांच्या हे लक्षात येत नाही, आणि बाई सांगत नाही. एखादी वर्गातून उठून गेली तर तिला कंटाळा आला असं धरून चालू नका.

पदार्थ टाकायचा नाही, त्याचं रूप बदलायचं. शेंगदाण्याचं कूट भाजीत किंवा गूळ घालून लाडू. अंडं उकडून मीठ-तिखट लावण्याऐवजी अंडाकरी किंवा पोळीत भुर्जी. फुटाण्याचं पीठ करून ताकात. कोणता वास, कोणती चव नको वाटते हे प्रत्येकीने आपल्या वहीत लिहावं किंवा चित्र काढावं, मोठ्याने सांगायची सक्ती नको.

याच ओघात घरच्या औषधांचं बोला. मुलगी ‘अशक्त’ झाली म्हणून आई किंवा सासू मायेने द्राक्षासव, दशमूलारिष्ट आणून देते. आसव-अरिष्टांमध्ये आंबवण्याच्या प्रक्रियेतून मद्यार्क तयार झालेलाच असतो. काही खोकल्याच्या औषधांतही तो असतो. जी बाई डायसल्फिरामच्या (दारू पोटात गेली की त्रास व्हावा म्हणून देतात त्या) गोळ्या घेते आहे तिला त्यातून उलट्या, धडधड, रक्तदाब उतरणं असा मोठा त्रास होऊ शकतो. नातेवाईक भेटीच्या दिवशी हा मुद्दा घरच्यांपुढे सांगा, बाईपुरता ठेवू नका.

हिशेबाची सुरुवात मालनताईपासून

स्वतःच्या पैशांबद्दल बोलायला लाज वाटते. कुणी दागिना मोडलेला असतो, कुणी शेजारणीचे घेतलेले बुडवलेले असतात. म्हणून एक काल्पनिक बाई उभी करा. आमची मालनताई धुणीभांड्याची कामं करते, महिन्याला ७,५०० रुपये कमावते, दोन मुलं आहेत. जुलै २०२४ पासूनचे लाडकी बहीण योजनेचे १,५०० धरून ९,००० झाले. खोलीभाडं २,५००, वीज ४००, सिलिंडर ९००, बचत गटाच्या कर्जाचा हप्ता ८००, मुलांच्या शाळेचे ६००. उरले ३,८००. (हे आकडे वर्गापुरते, तुमच्या गावचे भाव घाला.)

प्राधान्य कुटुंबाचं रेशनकार्ड असेल तर माणशी ५ किलो, म्हणजे तिघांना १५ किलो धान्य मोफत. अंत्योदय कार्डावर कुटुंबाला ३५ किलो. अन्न सुरक्षा कायदा, २०१३ प्रमाणे कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या १८ वर्षांवरच्या ज्येष्ठ बाईचं नाव असतं, हे बऱ्याचजणींना ठाऊक नसतं. केंद्रात असताना कार्ड कुणाकडे आहे, नाव कमी तर झालं नाही ना, हेही विचारायला लावा.

आता ३,८०० फळ्यावर मांडा. ज्वारी-बाजरी थोडी वरून २००. डाळी-कडधान्यं सहा किलो, १२० रुपये धरून ७२०. तेल ३००. अर्धा लिटर दूध रोज, महिन्याचे ९००. तीस अंडी २१०. भाजी रोज ३५ रुपयांची, १,०५०. झाले ३,३८०. उरले ४२०, आणि त्यात चहा-साखर, मीठ-मसाला, साबण, कुणाचा ताप, कुणाचं लग्न. इथे वर्ग तापतो, आणि तापू द्यावा. दूध पाव लिटर करायचं का? भाजी वीसची आणायची का? माझं मत विचाराल तर रेशनवर धान्य मिळतं तेव्हा रोख पैशांतून सगळ्यात आधी डाळी-कडधान्यं आणावीत, महिन्याची एकदम. बाकीची ओढाताण नंतर.

व्यसनावर किती जायचे, हा हिशेब शेवटी मांडा आणि मालनताईचाच मांडा. दहाची पुडी रोज म्हणजे महिन्याला ३००, त्यात सातच्या भावाने चाळीसहून जास्त अंडी. एकदा सांगून पुढे जा. हा आकडा पुन्हा पुन्हा उगाळला की तो टोमणा होतो, आणि टोमणे घरी भरपूर मिळतात.

पाकिटं

लिहिता न येणाऱ्यांसाठी चार पाकिटं, प्रत्येकावर चित्र: घर (भाडं, वीज, हप्ता), धान्याची पोतडी, वही-पेन्सिल, आणि चौथ्यावर तिचं स्वतःचं काहीतरी, बांगडी म्हणा, फूल म्हणा. चौथं पाकीट ठेवायचंच, पन्नास रुपयांचं का असेना. ‘आधी घरचं भागू दे’ म्हणत बायका ते रिकामं ठेवतात, आणि मग एक दिवस सगळं एकदम हातून सुटतं. त्या पन्नासचं काय करायचं ते तिने ठरवायचं, आपण विचारायचं नाही.

रोकड घरात ठेवणं जोखमीचं असेल तर जनधन खातं (शून्य शिलकीवर चालतं) किंवा पोस्टातली आवर्ती ठेव, जी महिना १०० रुपयांपासून सुरू होते. फोनवरून पैसे पाठवण्याची सोय दुधारी आहे. रोकड हातात येत नाही हे बरं. पण दारूचा दुकानदारही स्कॅन घेतो. काहीजणी त्यांच्या विश्वासाच्या माणसाकडे पहिले तीन महिने पगार जमा करून रोजचे लागतील तेवढेच घेतात. हा निर्णय बाईचा असेल तरच. ‘हिच्या हातात पैसे देऊच नका’ असं घरचे परस्पर ठरवतात ते वेगळं. त्यावर समुपदेशकांसोबत बसून, किती दिवसांनी किती रक्कम तिच्या हाती येईल, हे लिहूनच घ्या.

बाजाराची वेळ हा बारीक वाटणारा, पण मोठा मुद्दा. बाजार उठताना भाजी स्वस्त मिळते, कोणतीही शहाणी गृहिणी हेच सांगेल. पण ती वेळ संध्याकाळची, बाई दमलेली, पोट रिकामं, आणि भाजी मंडईच्या वाटेवर देशी दारूचं दुकान. तेव्हा पहिल्या वर्षी सकाळीच जा, दहा रुपये जास्त गेले तरी चालतील. निघण्याआधी काहीतरी खा. लागतील तेवढेच पैसे घ्या, यादी घ्या, आणि वाट बदला. प्रत्येकीने आपल्या वस्तीचा नकाशा कागदावर काढायचा, नको त्या जागांवर फुली मारायची आणि मंडईपर्यंतची नवी वाट रंगवायची. पगाराचा दिवस, योजनेचे पैसे जमा होण्याचा दिवस, आठवडी बाजाराचा दिवस हे कॅलेंडरवर लाल करा. त्या दिवशी बैठकीला जायचं किंवा कुणाला तरी फोन करायचा, हे आधीच ठरलेलं हवं.

कर्ज आणि घर

कर्जाच्या वर्गात एकच गणित पुरे: सावकाराचं शेकडा पाच म्हणजे महिन्याला पाच, वर्षाला साठ टक्के. गटातलं अंतर्गत कर्ज शेकडा एक-दोनने मिळतं. कुणाचं किती देणं आहे याची यादी प्रत्येकीने समुपदेशकांसोबत खाजगीत करावी. आधी महागडं फेडायचं, पण भाडं आणि किराणा थांबवून नाही. विनापरवाना सावकार त्रास देत असेल तर २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयात तक्रार करता येते. व्यसनाच्या काळात गटाचे हप्ते थकलेले असतात, त्यामुळे गटात परत जायला तोंड होत नाही. अध्यक्षांना भेटायला पहिल्यांदा तुम्ही सोबत जा, बोलायचं मात्र तिने.

पुष्कळ जणींचा नवराही पितो. तिथे ‘पैसे लपवून ठेवा’ असा सल्ला सहज देऊ नका. सापडले तर मार तिला बसतो. पैसे काढून घेणं, घरखर्च न देणं हाही २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळ धरला आहे, एवढं तिला माहीत असू द्या आणि १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक पाठ असू द्या. पुढचं पाऊल कधी उचलायचं ते तिला आणि समुपदेशकांना ठरवू द्या.

घरी गेल्यानंतर

पुण्याच्या मुक्तांगणसारख्या, १९८६ पासून काम करणाऱ्या केंद्रात बायकांसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग आहे; पण बहुतेक ठिकाणी बायका मोजक्याच असतात आणि घरी गेल्या की एकट्या पडतात. म्हणून शेवटच्या वर्गात पहिल्या सात दिवसांचं पान केंद्रातच भरून द्या: सकाळी काय खायचं, डबा काय, कोणत्या दिवशी कुठल्या पाकिटातून किती. सात दिवस, महिना नाही. बैठकांत ‘फक्त आजचा दिवस’ प्यायचं नाही असं म्हणणाऱ्यांना महिनाही लांबच वाटतो.

फॉलोअपला येताना वही आणायला सांगा, पण ती तपासायला म्हणून हातात घेऊ नका. तिलाच वाचू द्या. मध्ये कोरी पानं दिसली तर ती कशी गेली हे विचारायच्या आधी ‘आज काय खाऊन आलात?’ हे विचारा. बहुतेकदा उत्तर ‘चहा’ असतं, आणि मग केंद्राच्या स्वयंपाकघरातून पोळीभाजी मागवून बोलणं सुरू करता येतं. पुन्हा प्यायली असेल तर वही तीच चालू ठेवायची, पानावर तारीख टाकून. त्या दिवशी उरलेले पैसे कुणाकडे द्यायचे, कुणाला फोन करायचा, हे वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर आधीच लिहिलेलं असावं. तिथेच हे क्रमांकही: व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६, तंबाखू-मिश्री सोडण्यासाठी १८००-११-२३५६.